पितरांचे ताट आणि जमिनीची वाटणी : जोसॉन कोरियातील वारसा

जोसॉन कोरियात घरातील कर्ते माणूस वारले की कुटुंबापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहत. त्याची जमीन, घर आणि इतर मालमत्ता कोणाकडे जायची हा पहिला, आणि त्याच्या तिथीला अन्न व मद्य अर्पण करून त्याला नमस्कार कोणी करायचा हा दुसरा. आजच्या वाचकाला पहिला प्रश्न कायद्याचा आणि दुसरा धर्माचा वाटेल. परंतु १३९२ पासून १९१० पर्यंत गादीवर असलेल्या जोसॉन घराण्याच्या काळात या दोहोंची उत्तरे पुष्कळदा एकाच वाटणीपत्रात लिहिली जात, आणि एक उत्तर बदलले की दुसरेही बदलत असे. कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर उभ्या असलेल्या समाजात थोरल्या मुलालाच सर्व काही मिळते आणि मुलींच्या वाट्याला काहीच येत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. कोरियातील जुनी वाटणीपत्रे वाचली म्हणजे ही समजूत अर्धीच खरी असल्याचे दिसते. राजवटीची पहिली अडीचशे वर्षे मुलींना मुलांइतकाच वाटा मिळत होता. पुढे तो गेला. पण तो काढून घेणारा कोणताही कायदा कोणत्याही राजाने केलेला नव्हता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती समजण्यासाठी आधी पूजेचे स्वरूप पाहावे लागते.

पूर्वजांच्या पूजेला कोरियन भाषेत ‘जेसा’ म्हणतात. सुखवस्तू घराण्यांत घराच्या आवारात पूर्वजांसाठी स्वतंत्र देवघर असे आणि त्यात प्रत्येक पूर्वजाच्या नावाची लाकडी पाटी, बहुधा चेस्टनटच्या लाकडाची, ठेवलेली असे. मृत्यूनंतर आत्म्याला आधार म्हणून ही पाटी असते, अशी श्रद्धा होती. पाटीवर मध्यभागी मृताचा हुद्दा व नाव लिहीत आणि खाली एका बाजूला, लहान अक्षरांत, पूजा करणाऱ्या वंशजाचेही नाव लिहीत. पूजेचा अधिकार कोणाचा याचा लेखी पुरावा अशा रीतीने प्रत्यक्ष पाटीवरच असे. तो वंशज वारला की त्याचा मुलगा पाटीवरचा जुना मजकूर काढून नवा लिहीत असे, कारण आता जे ‘वडील’ होते ते ‘आजोबा’ झाले, ‘आजोबा’ होते ते ‘पणजोबा’ झाले, आणि खाली लिहायचे नावही बदलले. वडील, आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबा अशा चार पिढ्यांच्या पाट्या देवघरात राहत. त्यापलीकडे गेलेल्या पूर्वजाची पाटी कबरीपाशी नेऊन पुरत आणि मग त्याची पूजा वर्षातून एकदाच, चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात, कबरीवर होई. राज्याची किंवा विद्येची असामान्य सेवा केलेल्या मोजक्या पुरुषांच्या पाट्या मात्र कायम ठेवण्याची मुभा मिळे, आणि ज्या घराण्यात अशी पाटी असे त्याचा मान फार मोठा असे.

चार पिढ्या म्हणजे चार जोडपी, म्हणजे वर्षाला किमान आठ पुण्यतिथ्या. एखाद्या पूर्वजाची दुसरी पत्नी असेल तर आणखी एक. त्याशिवाय चांद्र नववर्षाचा ‘सॉल्लाल’ आणि शरदातील पौर्णिमेचा ‘चुसॉक’ या सणांच्या पूजा. पुण्यतिथीची पूजा मध्यरात्री होई. भात, सूप, मासे, मांस, भाज्या, फळे आणि भाताची पक्वान्ने मांडल्यावर मद्याचे तीन प्याले अर्पण करीत. पहिला मुख्य यजमान देई, दुसरा शास्त्राप्रमाणे त्याच्या पत्नीने द्यायचा असे आणि तिसरा एखाद्या नातेवाइकाने. पितरांना निरोप दिल्यानंतर तेच अन्न व मद्य सर्व मंडळी मिळून घेत. हा सगळा खर्च दर वर्षी न चुकता करायचा म्हणजे त्यासाठी कायमचे उत्पन्न हवे, आणि शेतीवर जगणाऱ्या समाजात कायमचे उत्पन्न म्हणजे जमीन. पूजा आणि वारसा यांची गाठ इथे पडते.

पूजा कोणी करायची याचा शास्त्रोक्त आदर्श कोरियाने चीनमधून घेतला. बाराव्या शतकातील चिनी तत्त्वज्ञ चू शी याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गृह्यविधींच्या ग्रंथात विवाह, अंत्यविधी आणि पूर्वजपूजा यांचे नियम दिलेले आहेत, आणि त्यांचा गाभा असा की पूजेचा अधिकार थोरल्या मुलाकडून त्याच्या थोरल्या मुलाकडे जावा. जोसॉन राज्याच्या संस्थापकांनी ही विचारसरणी राज्याचा पाया म्हणून स्वीकारली. पण ज्या समाजावर ती लागू करायची होती त्याची घडी वेगळीच होती. तेथे लग्नानंतर नवरा मुलगा पुष्कळदा मुलीच्या माहेरी राहायला जाई, मुले आजोळी वाढत, आणि आईकडची व वडिलांकडची अशी दोन्ही नाती जवळपास सारख्याच तोलाची मानली जात.

या दोन गोष्टींची तडजोड १४८५ मध्ये अमलात आलेल्या ‘क्योंगगुक देजॉन’ या राज्याच्या मूलभूत संहितेत स्पष्ट दिसते. या संहितेप्रमाणे विवाहित पत्नीची सर्व मुले, मग ते मुलगे असोत वा मुली, आईवडिलांच्या मालमत्तेत समान वाटेकरी होत. जो पूजेची जबाबदारी घेई त्याला एका अपत्याच्या वाट्याचा एक पंचमांश भाग अधिक मिळे. म्हणजे इतरांना पाच घास मिळाले तर त्याला सहा. एवढीच थोरलेपणाची किंमत होती. उपपत्नीच्या मुलांना मात्र फार कमी मिळे : ती स्वतंत्र वर्गातील असेल तर तिच्या मुलांना विवाहित पत्नीच्या अपत्याच्या मानाने एक सप्तमांश, आणि गुलाम वर्गातील असेल तर एक दशांश. येथे थांबून हेही सांगितले पाहिजे की ज्या मालमत्तेच्या समान वाटणीचे आपण कौतुक करतो, तिच्यात जिवंत माणसे होती. वाटणीपत्रांत शेतांच्या जोडीला गुलामांची नावे आणि वये लिहून ती भावाबहिणींत वाटलेली आढळतात, आणि राजवटीच्या आरंभीच्या काळात ही ‘मालमत्ता’ जमिनीइतकीच, कधी तिच्याहूनही मोलाची समजली जाई.

आईवडिलांच्या निधनानंतर शोकाचा काळ संपला की भावंडे एकत्र बसून वाटणीपत्र करीत. शोक तीन वर्षांचा म्हटला जाई. प्रत्यक्षात तो सुमारे २७ महिन्यांचा असे. वाटणीपत्रात वडिलांकडून आलेली आणि आईकडून आलेली मालमत्ता वेगवेगळी दाखवीत, कारण लग्नानंतरही स्त्रीची माहेरची मालमत्ता तिचीच म्हणून ओळखली जाई. आणि वाटा समान असल्यामुळे पूजाही वाटून घेत. एका वर्षी वडिलांची तिथी थोरल्याकडे, पुढच्या वर्षी धाकट्याकडे, त्यानंतर मुलीच्या घरी, अशी पाळी फिरत असे. मुलगा नसलेल्या घरात मुलीचा मुलगा आजोबांची पूजा करी आणि त्यासाठी ठेवलेली जमीन त्याच्याकडे जाई. यात कोणालाही वावगे वाटत नव्हते.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण कोरियातील एका अत्यंत आदरणीय घरातले आहे. चित्रकार आणि कवयित्री शिन साइमदांग (१५०४–१५५१) आणि तिचा मुलगा, तत्त्वज्ञ यी ई (१५३६–१५८४), जो युलगोक या नावाने ओळखला जातो, या दोघांची चित्रे आज दक्षिण कोरियाच्या नोटांवर आहेत : मुलगा ५,००० वॉनच्या नोटेवर आणि आई ५०,००० वॉनच्या. युलगोकचा जन्म पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग येथे, आईच्या माहेरच्या घरात झाला. ते घर तिच्या माहेरी आले होते तेही मुलीच्या बाजूने. छ्वे घराण्यातून ते यी आडनावाच्या जावयाकडे गेले, त्याची मुलगी शिन कुटुंबात दिली तेव्हा ते शिन जावयाकडे आले, आणि त्याच्या मुलीकडून पुढे क्वॉन आडनावाच्या घरात गेले. प्रत्येक पिढीत आडनाव बदलले, घर मात्र मुलीमागून मुलीकडे चालत राहिले.

साइमदांगच्या आईला पाच मुली होत्या, मुलगा नव्हता. शतकभरानंतर अशा विधवेला नवऱ्याच्या कुळातला एखादा पुतण्या दत्तक घ्यावाच लागला असता. तिने तसे केले नाही. तिने मालमत्ता वाटली, त्यापलीकडे युलगोक या नातवाला सोलमधील घर देऊन पूजेची जबाबदारी सोपवली, आणि आणखी एका मुलीचा मुलगा क्वॉन छॉग्युन याला कबरींची देखभाल करण्यासाठी गांगनुंगचे घर दिले. त्याने घेतलेल्या ‘ओजुखॉन’ या टोपणनावानेच ते घर आजही ओळखले जाते आणि तेथे लोक पाहायला जातात. कन्फ्यूशियन विद्वत्तेचा कळस मानला गेलेला पुरुष आईच्या आईवडिलांचा वारस आणि पूजक होता, ही गोष्ट कोरियन शालेय विद्यार्थ्यापासून अभ्यासकापर्यंत प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

युलगोक आणि त्याची भावंडे यांनी १५६६ मध्ये केलेले वाटणीपत्र आजही जतन केलेले आहे. चार भाऊ व तीन बहिणी यांच्यात वडिलांची मालमत्ता वाटली गेली आणि वडिलांच्या हयात उपपत्नीलाही काही भाग दिला गेला. मुलींचे वाटे मुलांच्या तोडीचे आहेत. परंतु याच कागदात पूजेविषयी वेगळी नोंद आहे : ती पाळीपाळीने न फिरवता थोरल्याच्या घरी करावी आणि इतरांनी दर वर्षी तांदूळ देऊन हातभार लावावा. मालमत्ता अजून सर्वांची, पण पूजा आता एकाच्या दाराशी येऊन थांबली. पुढच्या शंभर वर्षांत जे घडायचे होते त्याची चाहूल या ओळीत आहे, असे मला वाटते.

सतराव्या शतकात बदलाने वेग घेतला. १५९२ ते १५९८ या काळात जपानी स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त केला आणि १६२७ व १६३६ मध्ये मांचू सैन्याने आक्रमण केले. शेते ओसाड पडली, गुलाम पळून गेले, कागदपत्रे जळाली. त्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या समान वाटणी केल्यामुळे थोर घराण्यांच्या जमिनींचे तुकडे दूरदूरच्या गावांत विखुरले होते. अशा वेळी उरलेली जमीन एका हाती ठेवण्याची आर्थिक निकड आणि चू शीच्या ग्रंथाप्रमाणे शुद्ध विधी करण्याची विद्वानांची आच, या दोन्हींचे बोट एकाच दिशेला होते. एकीने दुसरीला प्रतिष्ठेचे शब्द पुरवले. संहिता मूळची हुद्द्याप्रमाणे पूजेच्या पिढ्या ठरवीत असे : वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तीन पिढ्यांची पूजा करावी, कनिष्ठांनी दोन आणि सामान्यांनी फक्त आईवडिलांची. पण विधिनिष्ठ घराण्यांनी ती मर्यादा ओलांडून चार पिढ्यांची पूजा सुरू केली, खर्च वाढला, आणि पूजेसाठी राखून ठेवायचा भागही वाढत गेला. तो थोरल्याकडेच जात असल्याने थोरल्याचा प्रत्यक्ष वाटा कायद्यातील एक पंचमांशाच्या कितीतरी पुढे गेला. याच सुमारास लग्नाची रीतही पालटली. नवरी सासरी जाऊ लागली, माहेर दूर पडले, आणि मुलीच्या घरी पूजेची पाळी पाठवणे गैरसोयीचे ठरू लागले.

हे स्थित्यंतर एका कुटुंबाने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवले आहे. नैर्ऋत्येकडील बुआन येथील किम घराण्यातील किम म्योंगयॉल याने १६६९ मध्ये वंशजांसाठी एक लेख केला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा : आईवडिलांची माया मुलगा व मुलगी यांच्यावर सारखीच असते, परंतु मुलगी लग्नानंतर दुसऱ्या घरची होते, हयातीत तिच्याकडून सांभाळ होत नाही आणि मृत्यूनंतर पूजाही होत नाही, तेव्हा जमीन व गुलाम यांत तिला मुलाइतका वाटा कसा द्यावा? इतर घराण्यांत जावई व मुलींच्या मुलांकडेही पूजेची पाळी जाते, पण तेथे हयगय होते, म्हणून आमच्या घराण्यात ती जाणार नाही आणि मुलींना एक तृतीयांश वाटा मिळेल, असे तो ठरवतो. हा लेख वाचताना मन अस्वस्थ होते, कारण तो क्रूर माणसाने लिहिलेला नाही. प्रेम सारखेच आहे असे तो मोकळेपणाने मान्य करतो. आधी मुलीला पूजेपासून दूर ठेवायचे आणि मग पूजा करत नाही म्हणून तिचा वाटा कापायचा, हे वर्तुळ मात्र त्याला दिसत नाही. राजधानीत तीच जुनी संहिता समान वाटणी सांगत होती. पण वाटणीपत्र हे घरच्यांनी आपसांत करायचे असल्यामुळे, तक्रार घेऊन कोणी दाराशी गेल्याखेरीज सरकार त्यात पडत नव्हते.

मुलींपाठोपाठ धाकट्या मुलांचेही वाटे आटले. मुलगा नसलेल्या घरात मुलीच्या मुलाला पूजा देणे मागे पडले आणि कुळातीलच पुतण्या दत्तक घेणे हा नियम बनला. मूळ संहितेने दत्तकाची परवानगी विवाहित पत्नी आणि उपपत्नी या दोघींनाही मुलगा नसेल तरच दिली होती. व्यवहारात उपपत्नीच्या मुलाला डावलून दूरच्या भाऊबंदाचा मुलगा आणला जाऊ लागला. वंशावळींतही हेच उमटले. क्वॉन कुळाची १४७६ मधील वंशावळ ही आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी कोरियन वंशावळ होय. तिच्यात मुले व मुली जन्मक्रमाने लिहिली आहेत आणि मुलींचे वंशही पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिले आहेत, इतके की त्या वंशावळीतील बहुसंख्य माणसे क्वॉन आडनावाची नाहीतच. नंतरच्या शतकांतील वंशावळींत आधी सर्व मुलगे येतात, मुलींच्या जागी जावयाचे नाव येते, आणि तिची शाखा एकदोन पिढ्यांत संपते.

येथे शेजाऱ्यांकडे एक नजर टाकली की लक्षात येते की कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून एकच एक वारसापद्धती निघत नाही. चीनमध्ये मुलगे समान वाटणी करीत आणि पूजेसाठी सामाईक जमीन वेगळी काढीत. व्हिएतनाममध्ये पंधराव्या शतकात आकाराला आलेल्या ले घराण्याच्या संहितेने मालमत्तेचा एक विसांश भाग ‘धूप-दीपा’साठी राखायला सांगितला, तो थोरल्या मुलाकडे जाई आणि मुलगा नसल्यास थोरल्या मुलीकडे. आपल्याकडच्या धर्मशास्त्रातही हा वाद आहे. पिंड देण्याचा अधिकार ज्याला त्याला वारसा, हे बंगालातील दायभागाचे मत, तर महाराष्ट्रात चालणाऱ्या मिताक्षरेने रक्ताच्या जवळिकीला महत्त्व दिले.

पूजा हा केवळ घरगुती विषय नव्हता हे १७९१ मध्ये फार वाईट रीतीने सिद्ध झाले. जॉल्ला प्रांतातील जिन्सान येथे युन जी-छुंग आणि क्वॉन सांग-यॉन या दोन कॅथलिक विद्वानांनी पूर्वजांच्या पाट्या जाळल्या आणि युनच्या आईच्या निधनानंतर रूढ विधी केले नाहीत. त्या काळी रोमने पूर्वजपूजेला मनाई केलेली होती. राज्याच्या दृष्टीने आईवडिलांना नाकारणारा माणूस राजालाही नाकारणारच, आणि म्हणून दोघांना देहान्त शासन झाले. रोमने आपली भूमिका सैल केली ती १९३९ मध्ये.

विसाव्या शतकात ही घरगुती रूढी पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने कायदा झाली. जपानी वसाहतकाळात कुटुंबप्रमुखाच्या नावाने नोंदवही ठेवण्याची पद्धत पक्की झाली, आणि दक्षिण कोरियाच्या १९५८ च्या नागरी संहितेने, जी १९६० पासून लागू झाली, कुटुंबप्रमुखपद घेणाऱ्या मुलाला दीडपट वाटा दिला, मुलीला मुलाच्या निम्मा आणि लग्न होऊन दुसऱ्या घरच्या नोंदवहीत गेलेल्या मुलीला एक चतुर्थांश. म्हणजे १४८५ च्या संहितेने जे दिले होते त्यापेक्षा हे किती तरी कमी होते. देशातील पहिल्या महिला वकील यी थे-यॉंग आणि अनेक महिला संघटना यांनी याविरुद्ध दशकानुदशके लढा दिला. १९९१ पासून सर्व अपत्यांचे वाटे समान झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कुटुंबप्रमुखपदाची पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती संपली.

कुळांच्या सामाईक जमिनींचा प्रश्न तेवढ्याने सुटला नव्हता. पूर्वजांच्या कबरी आणि पूजा यांसाठी राखलेल्या या जमिनी शहरे वाढल्यावर फार महाग झाल्या, विकल्या गेल्या, आणि पैसे वाटताना मुलींना वगळले गेले किंवा थोडक्यात बोळवले गेले. योंगिनच्या यी कुळातील एका शाखेच्या विवाहित मुली न्यायालयात गेल्या. युलगोकच्या आजीचे माहेरही याच योंगिनच्या यी कुळातले. २१ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की एका पूर्वजाचे सज्ञान वंशज, स्त्री असोत वा पुरुष, कुळसंस्थेचे सदस्य असतात.

पूजेचे ओझे आजही बहुतांशी सुनांच्या खांद्यावर पडते, आणि सणाच्या आधीचे दिवस तळणीसमोर घालवण्याचा वीट आल्याचे कोरियन स्त्रिया उघड बोलतात. म्हणूनच कन्फ्यूशियन परंपरेची सर्वोच्च संस्था असलेल्या संगक्युनग्वानने २०२२ च्या चुसॉकपूर्वी जाहीर केले की नऊ पदार्थ पुरेसे आहेत आणि तळलेले काहीही आवश्यक नाही. हे आधीच व्हायला हवे होते.

राहता राहिला मुख्य यजमान कोण हा प्रश्न. नागरी संहितेप्रमाणे कबरींच्या भोवतालची सुमारे अडीच एकरांपर्यंतची वनजमीन, त्यांच्यासाठी राखलेली सुमारे वीस गुंठ्यांपर्यंतची शेती, वंशावळ आणि पूजेची भांडी ही सामान्य वाटणीत येत नाहीत. ती पूजेचा यजमान असलेल्या वंशजाला मिळतात आणि मृताच्या अवशेषांविषयीचा निर्णयही त्याचाच असतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की वारसांत एकमत न झाल्यास हा मान थोरल्या मुलाचा. ११ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने हे मत बदलले. खटल्यातील मृताला पत्नीपासून दोन मुली आणि विवाहबाह्य संबंधातून एक मुलगा होता, आणि अस्थी मुलाच्या आईने स्मृतिस्थळात ठेवल्या होत्या. न्यायालयाने ठरवले की विशेष कारण नसेल तर सर्वांत जवळच्या पिढीतील वयाने सर्वांत मोठे अपत्य, मुलगा असो वा मुलगी, यजमान होईल. हा नियम लागू होतो तोही वारसांचे आपसांत जमले नाही तरच. सर्वांनी मिळून धाकट्या मुलीचे नाव ठरवले तर कबरीची जमीन, शेती आणि पूजेची भांडी तिच्याकडे जातात.